पंडिता रमाबाई : विवेक, श्रद्धा आणि सेवा

१. प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या परंपरेतील काही नावे आता तुमच्या परिचयाची झाली असतील. फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'ख्रिस्तपुराण', बाबा पदमनजी यांची १८५७ मधील 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भक्तिपर कविता यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात आवर्जून होतो. पंडिता रमाबाईंचे नाव मात्र बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासात घेतले जाते आणि तेथेही एका प्रश्नापाशी येऊन थांबते: त्यांनी धर्मांतर का केले? या प्रश्नाच्या कोलाहलात दुसरा एक प्रश्न मागे पडतो. स्वीकारलेला धर्म त्यांनी पुढील अडतीस वर्षांहून अधिक काळ आचरला कसा?

या घटकात आपण हा दुसरा प्रश्न मध्यभागी ठेवणार आहोत. कोणत्याही श्रद्धावान माणसाच्या जीवनाला दोन कसोट्या लावता येतात. त्याची श्रद्धा डोळस होती काय, ही पहिली कसोटी. आणि त्या श्रद्धेतून इतरांच्या उपयोगी पडणारे काही निर्माण झाले काय, ही दुसरी. रमाबाईंच्या चरित्राकडे या दोन कसोट्या हाती घेऊन पाहावे. त्यांच्या श्रद्धेशी तुम्ही सहमत असाल किंवा नसाल. चरित्राचा अभ्यास करण्यासाठी सहमतीची अट नसते. आवश्यक असते ती एवढीच, की निर्णय घेण्यापूर्वी माणसाचे संपूर्ण जीवन समोर ठेवावे.

२. बालपण : विद्या आणि वणवण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगांत, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण कुळातील विद्वान. तरुणपणी पुण्यात अध्ययन करीत असताना पेशव्यांच्या घरातील एका स्त्रीला त्यांचे गुरू संस्कृत शिकवीत असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी प्रत्यक्ष संस्कृत शिकविले. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. धर्ममार्तंडांचा रोष ओढवला. शास्त्रीबोवांना आपल्या कृतीचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. अखेर त्यांनी लोकवस्तीपासून दूर रानात घर केले. रमाबाईंचा जन्म त्याच रानातला.

पुढे घरावर कर्ज झाले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावच्या देवळांत पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रमाबाईंना शाळा लाभली नाही. पहाटे आईच्या मांडीशी बसून ऐकलेले श्लोक पाठ करणे हीच त्यांची शाळा. भागवताचा फार मोठा भाग त्यांना लहानपणीच मुखोद्गत झाला. प्रवासात कन्नड, हिंदी आणि पुढे बंगाली या भाषा कानावर पडून आल्या. मराठी घरातली होती आणि संस्कृत विद्येची.

१८७४ साली मद्रास इलाख्यातील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. शारीरिक कष्टाचे काम येत नव्हते, भिक्षा मागणे वडिलांना मान्य नव्हते, आणि पुराणश्रवणाला श्रोते उरले नव्हते. होते नव्हते ते विकून झाले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचे निधन झाले. मागे उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. या दोघांनी हजारो मैलांची पायपीट केली. थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून झोपावे, इतके दारिद्र्य त्यांनी सोसले.

हा तपशील लक्षात ठेवा. पुढे दुष्काळपीडित मुलींना आणण्यासाठी रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

३. कलकत्ता : मान आणि प्रश्न

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या तरुणीच्या मुखातून अस्खलित संस्कृत ऐकून तेथील पंडितवर्ग थक्क झाला. तिची परीक्षा घेण्यात आली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाधी तिला देण्यात आल्या. येथून पुढे त्या पंडिता रमाबाई झाल्या.

याच काळात त्यांच्या मनातील प्रश्नांना धार आली. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने द्यावीत अशी विनंती त्यांना झाली, म्हणून त्यांनी धर्मग्रंथांचे बारकाईने वाचन सुरू केले. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. वाचताना त्यांच्या ध्यानात आले की, अनेक बाबतींत परस्परांशी न जुळणारे ग्रंथ एका बाबतीत एकमत आहेत: स्त्री ही जात म्हणून हीन आहे आणि पुरुषाप्रमाणे तिला मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही. हा निष्कर्ष त्यांनी कोणा मिशनऱ्याच्या पुस्तकातून उचललेला नव्हता. मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचून तो त्यांनी स्वतः काढला होता.

मे १८८० मध्ये श्रीनिवासचेही निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. दोन्हीकडचे समाज दुरावले. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमाचा जन्म झाला. सिल्चर येथील घरी पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक पुस्तिका मिळाली व त्यांनी कुतूहलाने ती वाचली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. विवाहाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

वयाच्या तेविसाव्या वर्षी एक विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी आणि जवळ विद्येखेरीज काहीही नाही, अशी ही स्थिती होती. त्या काळात विधवेपुढे जो मार्ग ठेवला जात असे, तो त्यांनी नाकारला आणि पुणे गाठले.

४. पुणे ते वाँटेज

१८८२ मध्ये पुण्यात रमाबाईंनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी त्यांचा 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली आणि मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्रियांच्या उपचारांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली.

स्वतः वैद्यक शिकावे, ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. प्रवासखर्चासाठी 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचे पैसे कामी आले. मात्र त्यांना कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनीसंघाच्या मठात त्या राहिल्या. या संघाच्या भगिनी लंडनच्या फुलॅम भागात एक आश्रयगृह चालवीत. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागविले जाई, त्यांना काम शिकविले जाई आणि सन्मानाने जगण्याची संधी दिली जाई. हे पाहून रमाबाईंनी विचारले की, अशा स्त्रियांविषयी तुमच्या मनात ही करुणा येते कोठून? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी टाकलेल्या स्त्रीशी ख्रिस्त बोलतो, तिला ज्ञानाचा अधिकारी श्रोता मानतो, ही ती कथा. मोक्षाचा अधिकार स्त्रीला आहे काय, या कलकत्त्यातील प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना येथे मिळाले.

तरीही त्यांनी घाई केली नाही. स्वतः चित्पावन कुळात जन्मून ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. त्यांच्या युक्तिवादाने उरलेल्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांपैकी अनेकांना हा विश्वासघात वाटला. महात्मा फुले यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

५. श्रद्धेतही स्वातंत्र्य

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन केली असा समज असेल, तर पुढील प्रसंग त्याला छेद देतात.

चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या मार्गदर्शनाखाली त्या शिकत होत्या आणि तेथे संस्कृतही शिकवीत होत्या. त्यांनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्या प्रतिष्ठेला बाध येईल, असे कारण दिले गेले. ज्या स्त्रीने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत परीक्षा दिली होती, तिला हा निर्बंध अर्थहीन वाटला आणि तिने तसे स्पष्ट कळविले. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी त्यांनी धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी प्रदीर्घ वाद केला. शुभवर्तमानात जे प्रत्यक्ष आढळते ते मान्य, पण केवळ चर्च सांगते म्हणून काही मान्य करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मुलीच्या धार्मिक शिक्षणाबाबत अंतिम निर्णय आईचाच राहील, असेही त्यांनी बजावले.

भाषेच्या अभ्यासकाला यांतील एक प्रसंग विशेष बोलका वाटेल. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असत. लॅटिन आपल्याला कळत नाही, आपल्या देशबांधवांनाही कळत नाही. मग ती अक्षरे संस्कृत का असू नयेत, असा प्रश्न रमाबाईंनी उपस्थित केला. लॅटिन पवित्र आणि संस्कृत अपवित्र, असे मानायला त्या तयार नव्हत्या. धर्म बदलला म्हणून भाषा, पोशाख किंवा आहार बदलावा लागतो, हे त्यांनी कधीच स्वीकारले नाही. त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि साधी पांढरी वस्त्रे वापरीत राहिल्या.

आपल्या पहिल्या कसोटीचे उत्तर येथे मिळते. पूर्वीच्या धर्माला त्यांनी विचारलेले प्रश्न नव्या धर्मालाही विचारले. श्रद्धा ही प्रश्नांची समाप्ती आहे, असे त्यांनी मानले नाही.

आपली प्रगती तपासा : रमाबाईंच्या वैचारिक प्रवासात कलकत्ता आणि फुलॅम या दोन ठिकाणांचा परस्परसंबंध कोणता, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

६. अमेरिका आणि शारदा सदन

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्च रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्यानंतर रमाबाईंनी सुमारे अडीच वर्षे त्या देशात प्रवास केला, व्याख्याने दिली आणि फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या विक्रीतून आणि देणग्यांतून निधी उभा राहिला. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने नियोजित विधवागृहाला दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. या प्रवासावरील 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ १८८९ मध्ये मराठीत आला. परदेशातील शासनव्यवस्था, शिक्षण आणि स्त्रियांच्या संस्था यांकडे एका मराठी स्त्रीने चिकित्सक दृष्टीने पाहिल्याचा तो महत्त्वाचा पुरावा आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींच्या आचारविचारात हस्तक्षेप करायचा नाही, असे संस्थेचे धोरण होते. रानडे आणि भांडारकर हे सल्लागार होते. सदनात आरंभीच आलेल्या विधवांपैकी गोदूबाई यांचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांनी पुढे केलेल्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याचा एक धागा असा शारदा सदनाशी जोडलेला आहे.

मात्र १८९३ मध्येच वाद पेटला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली स्वखुशीने तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने प्रखर टीका केली. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. येथे दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. ज्या संस्थेने धार्मिक तटस्थतेचे वचन दिले, तिच्या प्रमुखाच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभावही तटस्थतेचा भंग ठरतो, असे टीकाकारांना वाटले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणाला बोलाविले नाही; पण आलेल्याला हाकलण्यासाठी स्वतःच्या खोलीचे दार लावून घेणे, म्हणजे आपली श्रद्धा लपविणे होय. एका बाजूला सार्वजनिक वचन आणि दुसऱ्या बाजूला वैयक्तिक सदसद्विवेक, असा हा संघर्ष होता. त्याचे उत्तर आजही सोपे नाही.

या वादाच्या सुमारास त्यांच्या अंतर्जीवनातही बदल घडत होता. १८९१च्या सुमारास त्यांना तीव्रतेने जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला. ख्रिस्ताशी जिवंत नाते मात्र जडलेले नाही. सिद्धान्त पटणे आणि जीवन अर्पण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची त्या वेळची जाणीव. पुढील काळातील निर्भयतेचा उगम या जाणिवेत आहे, असे त्यांच्या आत्मनिवेदनावरून दिसते.

७. केडगाव आणि मुक्ती

परकीय देणगीचा आधार दहा वर्षांपुरताच होता. संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे शेतजमीन घेतली. उद्देश व्यावहारिक होता: फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर मुलींचे शिक्षण चालवायचे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. रस्त्यांवर, धर्मशाळांत, सरकारी कामांवर भुकेने व्याकुळ झालेल्या मुली आणि त्यांच्यावर टपलेली माणसे त्यांनी पाहिली. जागा, पैसा, मनुष्यबळ यांपैकी काहीही पुरेसे नसताना त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया महाराष्ट्रात आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली आणि मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगावची शेती हेच घर बनले. पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारच्या अंकित झाल्या, या आक्षेपाला ही टीका हेच उत्तर होते.

१८९८ मध्ये केडगाव येथे मुक्ती मिशनची रीतसर उभारणी झाली. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. एवढ्या माणसांचे रोजचे जेवण, पाणी, वस्त्र आणि आरोग्य यांची व्यवस्था करणे, हे केवळ सद्भावनेने होणारे काम नव्हे. विहिरी खोदल्या गेल्या, शेती आणि दुग्धव्यवसाय उभा राहिला, विणकाम, शिवणकाम आणि छपाई शिकविली जाऊ लागली. समाजाने दूषित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंध स्त्रियांसाठी बर्तीमय सदन असे स्वतंत्र विभाग झाले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याच्या कामात मनोरमेचा मोठा वाटा होता. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते; मुक्तीचे दार सर्व जातींच्या स्त्रियांना उघडे राहिले. फुलॅमला पाहिलेल्या आश्रयगृहाचे बीज केडगावच्या काळ्या मातीत असे वाढले.

मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. प्रार्थना, उपासना आणि १९०५ मध्ये तेथे झालेले धार्मिक पुनरुज्जीवन हे तिच्या जीवनाचे अविभाज्य अंग होते. शारदा सदनाच्या आरंभीच्या तटस्थतेपासून हे धोरण दूर गेले होते, आणि अनाथ, आश्रित मुलींच्या धर्मस्वीकारात स्वेच्छा किती असू शकते, हा प्रश्न अभ्यासकाने विचारायला हवा. तो विचारत असतानाच हेही ध्यानात घ्यावे की, त्या मुलींना त्या दिवसांत घरात घेणारी दारे फार थोडी होती.

८. शेवटचे कार्य : सोपी मराठी

विसाव्या शतकाच्या आरंभी, चाळिशी उलटल्यावर, रमाबाईंनी एक नवे काम हाती घेतले. संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करावयाचे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

मराठीत बायबलची भाषांतरे पूर्वीच झालेली होती. सेरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने नव्या कराराचे भाषांतर १८११ मध्येच छापले होते. मग नव्या भाषांतराची गरज काय? रमाबाईंसमोर केडगावच्या मुली होत्या. त्यांतील बहुतेकींनी केडगावला येऊनच अक्षरओळख करून घेतली होती. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना कळत नसे. जो ग्रंथ जीवन देतो असे आपण मानतो, तो वाचणाऱ्याला कळत नसेल तर त्याचा उपयोग काय, असा हा सरळ विचार होता. शिवाय विशिष्ट धार्मिक अर्थाने भारलेल्या रूढ संज्ञांमुळे मूळ आशय झाकोळतो, असेही त्यांना वाटे; म्हणून शब्दनिवडीत त्या फार सावध असत.

आता त्यांच्या तीन मराठी लेखनकृती एका ओळीत ठेवून पाहा. 'स्त्रीधर्मनीति'ची भाषा संस्कृतच्या वळणाची, उपदेशकाची आहे. प्रवासवृत्तात ती मोकळी होते; पाहिलेले सांगण्यासाठी आवश्यक तेवढेच शब्द घेते. बायबलमध्ये ती नवसाक्षर वाचकापर्यंत उतरते. संस्कृतच्या ज्ञानामुळे ज्यांना कीर्ती मिळाली, त्यांनीच शेवटी संस्कृतचा भार जाणीवपूर्वक उतरवून ठेवला. विद्या ही मिरविण्यासाठी नसून पोहोचविण्यासाठी असते, हा त्यांच्या भाषिक प्रवासाचा अर्थ आहे. गंगामुळाच्या रानात अनंतशास्त्र्यांनी पत्नीला शिकविले, त्या कृतीचा हा विस्तारच होता.

हे भाषांतर केडगावच्याच छापखान्यात छापले गेले. खिळे जुळविण्यापासूनची कामे मुक्तीतील स्त्रियांनी केली. चर्चमधून सर्वत्र ते रूढ झाले नाही. पण दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुली हिब्रू आणि ग्रीकमधून आलेल्या ग्रंथाची पाने छापतात, ही घटना मराठी ग्रंथनिर्मितीच्या इतिहासात स्वतंत्र नोंद करावी अशी आहे.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी, असे सर्व आप्त त्यांनी गमावले. कार्याची उत्तराधिकारी म्हणून ज्या मुलीकडे पाहिले, तीच आधी गेली. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

९. मूल्यमापन

आरंभीच्या दोन कसोट्यांकडे परत येऊ. रमाबाईंची श्रद्धा डोळस होती. तिने जुन्या शास्त्रांना आणि नव्या चर्चला सारखेच प्रश्न विचारले. त्या श्रद्धेतून घर, शाळा, शेत, छापखाना आणि ग्रंथ निर्माण झाले. दोन्ही कसोट्यांमधील दुवा मात्र वेगळाच आहे, आणि तो सहसा लक्षात येत नाही. रमाबाईंनी प्रत्येक दुःखाचे रूपांतर कामात केले. भूक सोसली म्हणून दुष्काळात धावल्या; वैधव्य भोगले म्हणून विधवांचे घर उभारले; मोक्षाचा अधिकार नाकारला गेला म्हणून मोक्षाचा ग्रंथ सर्वांना कळेल अशा भाषेत आणला. ध्येय त्यांनी बाहेरून आणले नाही. जे भोगले, त्यातूनच ते घडविले.

या जीवनाची किंमतही मोठी होती. पुण्याच्या सार्वजनिक जीवनातून त्या जवळजवळ बाहेर फेकल्या गेल्या आणि दीर्घ काळ मराठी समाजाने त्यांचे स्मरण टाळले. ज्या स्त्रीशिक्षणाच्या चळवळीला त्यांनी आरंभीच बळ दिले, तिच्या इतिहासातही त्यांचे नाव अनेकदा ओझरते येई. ही हानी एकट्या रमाबाईंची झाली, असे म्हणता येत नाही. एक समर्थ मराठी लेखिका वाचण्यापासून आपल्या काही पिढ्याही वंचित राहिल्या.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजण संसार आणि नोकरी सांभाळून, रात्री उशिरा ही पुस्तिका उघडत असतील. शिक्षणाचे वय निघून गेले, असे कोणीतरी तुम्हाला ऐकविलेही असेल. रमाबाईंनी हिब्रूची मुळाक्षरे गिरवायला घेतली तेव्हा त्यांच्या अवतीभोवती शेकडो मुलींचा संसार होता आणि कानांना नीट ऐकू येत नव्हते. त्या स्वतःसाठी शिकत नव्हत्या. कोणाला तरी वाचता यावे म्हणून शिकत होत्या. आपण शिकतो आहोत ते कोणासाठी, हा प्रश्न या चरित्राच्या अभ्यासानंतर तुम्ही स्वतःला विचारावा.

१०. स्वाध्याय

१) रमाबाईंची श्रद्धा डोळस होती, या विधानाचे सोदाहरण परीक्षण करा.

२) १८९३ च्या शारदा सदन वादातील दोन्ही बाजू मांडून तुमचे मत सकारण लिहा.

३) 'स्त्रीधर्मनीति' ते बायबलचे भाषांतर या प्रवासात रमाबाईंच्या मराठीत कोणता बदल दिसतो? त्याची कारणे स्पष्ट करा.

४) तुमच्या परिसरात निराधार स्त्रियांसाठी किंवा अंध व्यक्तींसाठी चालणाऱ्या एखाद्या संस्थेला भेट द्या आणि तिच्या दैनंदिन व्यवस्थेची दोन पृष्ठांत माहिती लिहा. मुक्ती मिशनच्या व्यवस्थेशी तिची तुलना करा.